फुंकणी

आमच्या गावात त्या यंत्राला कुणी श्वासदर्शक म्हणत नाही. पाटीवर ते नाव आहे, पण पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या बायकांनी त्याचं 'फुंकणी' करून टाकलं आणि तेच टिकलं. कपाटाएवढं पांढरं यंत्र, त्यातून बाहेर आलेली नळी आणि पुढे छोटा पडदा. आधी तळहात टेकवून आपली ओळख पटवायची, मग नळीत पंधरा सेकंद एका लयीत फुंकायचं. पडद्यावर पट्टी सरकत जाते आणि शेवटी शेरा येतो. हिरवा आला की घरी जायचं, पिवळा आला की तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, आणि लाल आला की पुढच्या सगळ्या तपासण्यांचे दरवाजे उघडतात.

माझ्या वहिनीला पाच महिन्यांत चार वेळा हिरवा शेरा मिळाला. त्या हिरव्या रंगाचा मला जेवढा संताप आला, तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता. आणि मी हायस्कुलात शास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेली बाई आहे, संतापाची मला चांगली सवय आहे.

आम्ही दोघीच राहतो. मी लग्न केलं नाही आणि दादा जाऊनही बरीच वर्षं झाली. वहिनीचा मुलगा निनाद बेंगळुरूला असतो. शुभांगीवहिनी माझ्यापेक्षा थोडी मोठी, स्वभावाने माझ्या अगदी उलट. रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं तर ही त्याला काही न बोलता उरलेलं अंतर चालत जाणार. दादाच्या पगारात भागेना तेव्हा तिने डबे सुरू केले. तेव्हापासून रोज पहाटे तिच्या कढईखाली जाळ आणि रोज संध्याकाळी तळणीचा वास. विडी-सिगरेट तर सोडाच, तिने मिश्रीसुद्धा कधी लावली नाही.

खोकला सुरू झाला दिवाळीत. चकलीची भाजणी दळून आणली, त्याची धूळ गेली असेल, असं ती म्हणाली. मीही म्हटलं, असेल. संक्रांत आली तरी खोकला तसाच. मग आवाज घोगरा झाला. मग डाव्या खांद्यात कळा यायला लागल्या. तिचे ब्लाउज ढगळ दिसायला लागले, आणि वरच्या मजल्यावर वाळवण घालून खाली आली की ती पायरीवर बसून राहायला लागली. फेब्रुवारीत एकदा बेसिनमध्ये मला लालसर थुंकी दिसली. विचारलं तर म्हणाली, हिरडी दुखावली असेल.

मी तिला घेऊन तडक आरोग्यकेंद्रात गेले. तिथला डॉक्टर रेहान पटवेकर माझा विद्यार्थी. नववीत असताना प्रयोगवही नेहमी घरी विसरून यायचा, पण डोकं चांगलं होतं. त्याने वहिनीला नीट तपासलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग तिला नळीत फुंकायला लावलं. हिरवा.

"हिरवा तर हिरवा," मी म्हटलं. "आता स्कॅन लिहून दे."

रेहान म्हणाला, "बाई, लाल शेरा नसेल तर स्कॅन होत नाही."

"होत नाही म्हणजे?"

"म्हणजे स्कॅनचं मशीन चालूच होत नाही. पेशंटने हात ठेवला की ते शेरा बघतं. लाल दिसला नाही की नकार."

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ते करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. आपण सोडतो त्या श्वासात रक्तातून फुफ्फुसात उतरलेल्या शेकडो प्रकारच्या वाफा असतात. शरीरात कुठे काय जळतंय, काय नासतंय, याची खबर त्यात असते. कॅन्सरच्या पेशी बेसुमार वाढतात तेव्हा त्यांच्या आवरणातली चरबी मोडते आणि तिच्यातून अल्डिहाइड नावाच्या जातीच्या वाफा निघतात. फार थोड्या, पण कुत्र्याच्या नाकाला कळतील एवढ्या. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिनं असतात, तशी हजारो प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून एका चकतीवर बसवली, म्हणजे झाली फुंकणी. जिथे ती पहिल्यांदा वापरली गेली तिथे तिने गाठ वाटाण्याएवढी असताना हजारो माणसं पकडली. त्यांच्यातली बहुतेक आज हिंडतायत. मी स्वतः त्याबद्दल वाचून टाळ्या वाजवल्या होत्या.

मग कुणीतरी हिशेब मांडला की, यंत्र एवढं अचूक आहे तर बाकीच्यांच्या छातीवर विनाकारण किरणं कशाला मारायची? स्कॅनच्या रांगा कशाला वाढवायच्या? नियम झाला. आधी सरकारी दवाखान्यांत, मग विम्यामुळे खाजगीत, मग देशभर. छाती बघणाऱ्या प्रत्येक यंत्राला फुंकणीचं कुलूप लागलं. निनादने बेंगळुरूला तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे तेच उत्तर.

"आत्या, चार वेळा हिरवा आलाय," तो मला फोनवर म्हणाला. "मशीन चुकत नाही गं. तू आईला घाबरवू नकोस."

"मी तिला घाबरवत नाहीये, तुला घाबरवतेय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रेहानने त्याच्या परीने धडपड केली, हे मला कबूल केलं पाहिजे. एप्रिलमध्ये त्याने खांदेदुखीचं कारण दाखवून खांद्याचा एक्स-रे लिहून दिला. खांद्याच्या एक्स-रेत फुफ्फुसाचं वरचं टोक दिसतं. आम्ही तिघंही त्या फिल्मची वाट बघत बसलो. आली तेव्हा खांद्याचं हाड स्वच्छ दिसत होतं आणि त्याच्या पलीकडचा छातीचा सगळा भाग काळा केलेला. यंत्राने आपणहून झाकला होता. विनापरवाना छाती दिसू नये म्हणून.

मी ती फिल्म रेहानच्या टेबलावर आपटली.

"तू डॉक्टर आहेस की त्या नळीचा कारकून?"

"बाई, ओरडा माझ्यावर, पण मी कशात बघू ते तरी सांगा," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मला काय कळत नाही? काकूंच्या डाव्या बाजूला खाली हवा नीट जात नाही, हे माझ्या कानांना ऐकू येतंय. पण कानाला शेरा देता येत नाही."

त्या दिवशी वहिनी बाहेर बाकावर बसली होती, म्हणून तो मला मोकळेपणाने बोलला. फुफ्फुसाचा कॅन्सर हा एकच आजार नसतो, म्हणाला. एक असतो लहान पेशींचा. तो बहुतेक करून ओढणाऱ्यांना होतो आणि इतका झपाट्याने पसरतो की चाकू लावायची वेळ सहसा येतच नाही, केमो आणि किरणांवरच भिस्त. दुसरा मोठा गट त्यामानाने सावकाश वाढणारा. त्यात एक मोठ्या श्वासनळ्यांच्या अस्तरातून निघतो, आणि एक फुफ्फुसाच्या कडेला, चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशींतून. न ओढणाऱ्या बायकांमध्ये दिसतो तो बहुधा हा शेवटचा. तळणीचा धूर, चुलीचा धूर, शहराची हवा, कधी नुसतं नशीब.

"पहिल्या टप्प्यात सापडला तर फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकतात आणि बरेच जण बरे होतात," तो म्हणाला. "गाठींपर्यंत गेला असेल तर ऑपरेशन, केमो, किरणं, सगळं मिळून. आणखी पसरला असेल तर सुईने तुकडा काढून त्याचं जनुक तपासायचं. ठरावीक बिघाड निघाला तर रोजची एक गोळी असते, तिच्यावर माणसं वर्षानुवर्षं काढतात. नाही निघाला तर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं. उपाय आहेत, बाई. पूर्वी नव्हते तेवढे आहेत. पण प्रत्येक महिन्याला आपण एक पायरी खाली उतरतोय."

बाहेर वहिनी खोकत होती. तिने आम्हाला विचारलं नाही, काय बोललात म्हणून. मीही सांगितलं नाही.

जूनमध्ये पाचव्या तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी निर्जला एकादशीला. वहिनी वर्षभराच्या एकादश्या करते, पण साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी असं साग्रसंगीत. ही एक एकादशी मात्र कडक. पाण्याचा थेंबही नाही. मी म्हटलं, तुझ्या तब्येतीला झेपणार नाही. तिने ऐकलं नाही, आणि मीही फार ताणलं नाही, कारण तारीख हातची घालवायची नव्हती.

त्या दिवशी रांगेत तिचा खोकला काही केल्या थांबेना. यंत्रावरची भारती दर वेळी विचारते तसं तिने विचारलं, "काकू, काही खाल्लं नाही ना?" वहिनी म्हणाली, "आज तर पाणीसुद्धा नाही." मग ती फुंकायला लागली. पट्टी सरकली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. पट्टी हिरवी होती, मग पिवळी झाली, आणि मग लाल व्हायला लागली. तेवढ्यात वहिनीला उबळ आली, नळी सुटली. पडद्यावर अक्षरं उमटली: श्वास अपुरा. नोंद नाही.

"लाल झाली होती!" मी म्हटलं.

"अर्धवट धरत नाहीत, बाई," भारती म्हणाली. "पुन्हा फुंका काकू."

वहिनीने आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा अर्ध्यावर उबळ. मागच्या रांगेत कुरबुर सुरू झाली आणि वहिनी ओशाळून बाजूला झाली.

रेहानला सांगितलं तर तो आधी उजळला आणि मग मावळला. कडक उपासाने शरीर चरबी जाळायला लागतं, श्वासात किटोन नावाच्या वाफा येतात, त्यानेही पट्टी लाल होऊ शकते, म्हणाला. म्हणजे खरं दिसलं असेल तर त्यालाही सबब तयार होती. मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. मार्चमधली तपासणीही एकादशीलाच झाली होती. तेव्हाही वहिनीचा उपास होता आणि तेव्हा हिरवा आला होता. मग दोन उपासांत फरक काय? साबुदाणा? तो तर तिने तपासणीनंतर खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फरक दिसला. वहिनी पोळ्या लाटत होती. खोकल्याची ढास आली तशी तिने डब्यातून एक लवंग आणि दालचिनीची काडी काढून गालात धरली. मी ते गेले कित्येक महिने रोज बघत होते. घसा धरला की लवंग गालात ठेवायची, हे आमच्याकडे लहान मूलही करतं. शिवाय परक्यासमोर तोंड उघडायचं तर तोंडाला वास नको.

"वहिनी, तपासणीला जाताना तोंडात लवंग असते तुझ्या?"

"असते की. नाहीतर पंधरा सेकंद फुंकवतंय कुणाला? मध्येच खोकला आला की सगळ्यांचा खोळंबा."

"अगं, भारती विचारते ना, काही खाल्लं का म्हणून!"

वहिनीने लाटणं खाली ठेवलं. "लवंग म्हणजे काय खाणं आहे का? उपासालासुद्धा चालते. निर्जलेला तेवढी नाही."

मी तशीच चपला घालून रेहानकडे गेले. यंत्र आपल्याकडे आलं तेव्हा सुरुवातीला काय गोंधळ झाला होता, हे त्याने मला सांगितलं. आपल्या माणसांच्या श्वासात जिरं, दालचिनी, लवंग, काय काय असतं. त्यातल्या जिऱ्याचा आणि दालचिनीचा वास म्हणजे अल्डिहाइडच. ज्या जातीची वाफ कॅन्सर सोडतो, तीच जात. धडधाकट माणसं लाल यायला लागली. मग यंत्र बनवणाऱ्यांनी त्याला आपलं स्वयंपाकघर शिकवलं. मसाल्याचा वास आला की ती सगळी जातच हिशेबातून वजा कर, असं सांगितलं. लाल शेरे कमी झाले, सगळे खूश झाले.

"म्हणजे मसाल्याबरोबर आजारही वजा होतो," मी म्हटलं.

"तोंडात प्रत्यक्ष दालचिनी असेल तर होत असणार," रेहान हळू आवाजात म्हणाला. "आणि खोकला वाढेल तशी काकू जास्त ठेवणार."

जास्त आजारी, जास्त लवंग-दालचिनी, जास्त हिरवा.

त्याने वर लिहून कळवलं. उत्तर चार ओळींचं आलं. रुग्णाने सूचनांचे पालन केलेले नाही, अपुरा श्वास ग्राह्य नाही, खोकल्याचे औषध घेतल्यास त्या दिवशी चाचणी करू नये, सूचनांचे पालन करून पंधरा दिवसांनी पुन्हा यावे. मी रेहानच्या देखत ते उत्तर मोठ्याने वाचून त्यावर जे बोलले ते शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तो हसला नाही आणि मलाही हसू आलं नाही.

म्हणजे आता वहिनीने तोंडात काहीही न ठेवता, कुठलंही औषध न घेता, पंधरा सेकंद न खोकता फुंकायचं होतं. ज्याच्यामुळे खोकला येत होता तेच शोधण्यासाठी.

मी लवंग-दालचिनीचे डबे कपाटात टाकून कुलूप लावलं. रोज दुपारी सराव सुरू केला. टेबलावर मेणबत्ती लावायची आणि वहिनीने तिच्यावर अशी सावकाश फुंकर घालायची की ज्योत वाकली पाहिजे पण विझता कामा नये. फुंकर एकसारखी राहिली तरच ज्योत वाकून राहते.

"ज्योतीवर फुंकर मारू नये," वहिनी म्हणाली.

"देवापुढचा दिवा नाही हा, मेणबत्ती आहे. आणि विझवायची नाहीच आहे."

"तरी बरं वाटत नाही गं."

"वहिनी, फुंक!"

ती फुंकायची, पाच-सहा सेकंदांत खोकायची, ज्योत विझायची. मी काडी ओढायची. ती मधूनच हसायची, हसल्यावर आणखी खोकायची. मी चिडायची. आमच्या त्या दुपारी अशा गेल्या. हळूहळू लक्षात आलं की ती उजवीकडे किंचित कलून बसली तर उबळ उशिरा येते. कोमट पाण्याचा घोट घेतला तर आणखी थोडी उशिरा. एकदा दहा सेकंद झाले. मी तिला शाबासकी दिली तशी ती लाजली.

आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी मला तिच्या उशीखाली लवंगा सापडल्या. शेजारणीकडून मागून आणलेल्या, कागदाच्या पुडीत.

मी नाही नाही ते बोलले. तुला कळत कसं नाही, म्हटलं. मी गावभर भांडतेय आणि तू चोरून लवंगा खातेस, म्हटलं. तोंड उघड, अजून आहे का बघू, असंही म्हटलं. त्या वाक्यावर तिचा चेहरा पडला.

"बघ," ती म्हणाली आणि खरंच तिने तोंड उघडलं. मग मिटलं. "झालं समाधान, वन्सं?"

वन्सं ती मला फक्त दुखावली गेली की म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा दोन-चार महिने म्हणायची, तेवढंच.

"रात्री उबळ आली की श्वास आत येतच नाही," ती म्हणाली. "वाटतं, आता हा शेवटचा. तेव्हा तोंडात काहीतरी असलं की धीर येतो. तुला काय जातंय कुलूप लावायला? आणि एक सांगू? हिरवा आला की मला बरं वाटायचं. घरी येताना भाजी घ्यायचे मी. तुझं तोंड मात्र वाकडं. पाच महिने तू वाट बघतेयस, कधी एकदा लाल येतंय. तुला मला कॅन्सर व्हायला हवाय."

मला तिच्या कानशिलात मारावीशी वाटली. खरंच वाटली. मी उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालत राहिले, कुंडी भरून वाहायला लागली तरी. माझं म्हणणं बरोबर होतं, हे मला ठाऊक होतं. तिचंही चूक नव्हतं. कुणाला धरून झोडावं असं कुणी समोर नव्हतं. यंत्र बनवणाऱ्यांना माणसं वाचवायची होती, नियम करणाऱ्यांना किरणं टाळायची होती, वहिनीला रांगेतल्या लोकांचा खोळंबा करायचा नव्हता. एवढ्या चांगुलपणातून माझ्या माणसाचा जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेणबत्ती काढली नाही. वहिनीनेच काढली. टेबलावर ठेवली, काडेपेटी माझ्यापुढे सरकवली आणि उजवीकडे कलून बसली. पुडीतल्या लवंगा तिने शेजारणीला परत दिल्या होत्या. त्या दिवशी बारा सेकंद झाले.

तारखेच्या आदल्या दिवशीपासून तिने नुसता दूधभात खाल्ला. त्यात मीठसुद्धा नाही. रेहानने आम्हाला दुपारची वेळ मिळवून दिली, कारण सकाळी तिचा खोकला फार असतो. रांगेत पुढे सात-आठ बायका होत्या. मी थर्मासमधून कोमट पाणी दिलं, तिने एक घोट घेतला.

"काकू, काही खाल्लं नाही ना?" भारतीने विचारलं.

"तोंडात काही ठेवलेलंसुद्धा नाही," वहिनी म्हणाली.

तिने हात टेकवला, उजवीकडे कलली आणि फुंकायला लागली. पट्टी सरकली. हिरवी, मग पिवळी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून होते, त्यामुळे आतली थरथर मला कळत होती. पट्टी लाल झाली. दहा सेकंद झाले तसे तिचे खांदे उडायला लागले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पण फुंकर तुटली नाही. मी ओठ चावून धरले होते. भारती खुर्चीतून अर्धी उठली होती. मग यंत्राने शिट्टी दिली आणि पडदाभर रंग पसरला.

"लाल!" मी ओरडले. "भारती, लाल आलं! पूर्ण आलं!"

मी वहिनीला मिठी मारली आणि तिच्यासकट उड्या मारल्या, या वयात. वहिनी खोकत होती आणि हसत होती, मला थोपवायला एक हात वर धरून. रांगेतल्या बायकांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण आमच्याकडे बघून त्याही हसायला लागल्या. एक जण म्हणाली, पेढे द्या आता. माझा फोन वाजला, संदेश आला होता, मी तो मोठ्याने वाचायला घेतला. "अभिनंदन! आपली छातीची सीटी स्कॅन तपासणी मंजूर झाली आहे. आजच दुपारी चार वाजता..."

गलका ऐकून रेहान त्याच्या खोलीच्या दारात आला. त्याने पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तो हसला नाही. पुढचं वाक्य माझ्याने वाचवेना.

वहिनीचा खोकला जरा बसला. तिने पदराने तोंड पुसलं आणि बाकावर टेकली. भारतीने पुढच्या बाईला हात टेकवायला सांगितलं.

"म्हणजे आहेच ना गं?" वहिनी म्हणाली.

मी थर्मासचं झाकण लावायला लागले. ते नीट बसेना.

"उज्ज्वला, मी विचारतेय. आहे ना?"

मी तिच्याशेजारी बसले. "हो वहिनी," मी म्हटलं. "आहे."

पाच महिने मी हेच गावभर ओरडत होते. तिच्याकडे बघून एकदाही म्हटलं नव्हतं.